उपासनेनंतरच्या चहात काय असतं?

एक गृहस्थ दर रविवारी न चुकता चर्चला जातात. वेळेवर येतात, मागच्या बाकावर बसतात, गीतं म्हणतात, प्रवचन मन लावून ऐकतात आणि शेवटचा आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता गाडी काढून घरी. दुसरे गृहस्थही तितकेच नेमाचे. पण उपासना संपल्यावर तासभर तरी त्यांचा पाय आवारातून निघत नाही. कुणाच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनचं काय झालं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, सगळी चौकशी होते, चहा होतो, मग घर आठवतं. दोघांची श्रद्धा सारखीच आहे असं धरू. वाईट दिवस आले तर जास्त तग कोण धरेल?

चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या संशोधकांनी 2010 मध्ये जवळपास याच प्रश्नाचं उत्तर दिलं. अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी 2006 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये, त्याच माणसांना, आयुष्याबद्दलच्या समाधानाविषयी विचारलं होतं. नेमाने प्रार्थनास्थळी जाणारे जास्त समाधानी असतात, ही गोष्ट आधीच माहीत होती. नवं निघालं ते असं, की मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या माणसांत, जवळचे मित्र नसतील तर नेमाने जाणाऱ्याचं समाधान न जाणाऱ्याहून फारसं वेगळं नसतं. घरी एकट्याने किती प्रार्थना करता, देव किती जवळचा वाटतो, यावरूनही तो फरक उलगडत नव्हता. मात्र नुसते मित्र असूनही भागत नव्हतं. आपला धर्म ही आपली ओळख आहे असं मनापासून वाटणं आणि त्याच मंडळीत आपली माणसं असणं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की आकडा वर जात होता. म्हणजे चहाला महत्त्व आहे, पण तो उपासनेनंतरचा हवा.

नाशिकमध्ये हा चहा बऱ्याच ठिकाणी मिळतो. शरणपूरचं संत आंद्रिया चर्च, त्र्यंबक रोडवरचं होली क्रॉस, नाशिकरोडचं संत अण्णा. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा तर मुंबई-वसईपासून माणसं लोटतात. पण यात्रेची गर्दी वेगळी आणि मंडळी वेगळी. मंडळी म्हणजे काय ते कुणाच्या घरी मयत झाली की कळतं. पाळकांना किंवा फादरना फोन जातो आणि तासाभरात महिला मंडळाच्या दोघीतिघी दारात उभ्या असतात. त्यातली एक मावशी बाहेर सांत्वन करत बसत नाही, सरळ आत शिरते. गॅस सिलिंडर किती शिल्लक आहे ते हलवून बघते, दूध तापवते, कुणाला बीपीची गोळी द्यायची राहिली आहे का ते विचारते. संध्याकाळपासून डबे यायला लागतात आणि प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून पेनने नाव लिहिलेलं असतं, नंतर अदलाबदल नको म्हणून. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य तिच्या तोंडून येत नाही. संकटातला माणूस सांगत नसतो, हे तिला ठाऊक असतं.

मानसशास्त्राला हे 2000 साली नीट मोजता आलं. नायल बोल्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्याची वकिलीची परीक्षा देणाऱ्या उमेदवारांना आणि त्यांच्या जोडीदारांना रोज वेगवेगळी डायरी लिहायला लावली. आज तुम्ही आधार दिला का, आज तुम्हाला आधार मिळाला का, मन कसं आहे? डायऱ्या जुळवल्यावर दिसलं, की जोडीदाराने आधार दिला, पण उमेदवाराच्या तो लक्षातच आला नाही, असे दिवस सर्वांत बरे गेले. मदत होतेय हे जाणवलं की सोबत एक टोचणीही येते. आपण दुबळे पडलो, आता याची परतफेड करायची, असं काहीतरी. मंडळीतली मदत ही टोचणी बरीचशी टाळते, कारण तिथे पाळी असते. आज तुमच्याकडे डबे आले, पुढच्या महिन्यात कुणा तिसऱ्याकडे तुमचा डबा जाणार. उपकार कुणाचे, हा हिशेबच बसत नाही.

आणि डबा देणाऱ्याला काय मिळतं? इथे विज्ञानाने जरा उलटंच उत्तर दिलं आहे. स्टेफनी ब्राउन यांच्या गटाने अमेरिकेतल्या डेट्रॉइट भागातली 423 वयस्क जोडपी 5 वर्षं पाहिली. मदत घेणाऱ्यांपेक्षा मदत देणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी निघालं, आणि मुळातच धडधाकट होते म्हणून मदत करू शकले असतील, ही शंका गणितात धरूनही फरक उरला. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणून नुकत्याच एकट्या पडलेल्या बाईला ‘तुम्ही आता काही करू नका, बसा’ म्हणणारी मंडळी मला फारशी शहाणी वाटत नाही. तिला संडे स्कूलच्या खाऊचं काम द्यावं. करवत नाही म्हणाली तर अर्धं द्यावं.

आता जरा शरीराकडे वळू, कारण ‘धीर आला’ ही गोष्ट फक्त मनात घडत नाही. 2006 मध्ये जेम्स कोन यांनी 16 विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि घोट्याला विजेचा हलका झटका बसू शकेल असं सांगितलं. स्त्री एकटी असताना धोक्याची सूचना मिळाली की मेंदूचे भीतीशी निगडित भाग पेटून उठत. नवऱ्याचा हात हातात असला की ते बरेच शांत राहत. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला, पण थोडाच. शिवाय संसार जितका सुखाचा, तितका नवऱ्याच्या हाताचा गुण जास्त. मेंदू धोक्याचा अंदाज बांधताना ‘सोबत कोण आहे’ हेही हिशेबात धरतो, आणि सोबत ओळखीची असली तर तोच डोंगर त्याला कमी उंच वाटतो.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. नाशिकरोडच्या कितीतरी कॅथलिक घरांत त्या दिवसांत संध्याकाळी माणसं जमतात आणि ‘नमो मारिया’ सुरू होतो. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. इटलीतल्या पाव्हिया शहरातले डॉक्टर लुचानो बेर्नार्दी यांनी 23 निरोगी माणसांना हीच प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि श्वास, नाडी, रक्तदाब मोजला. दोन्ही अर्ध्या भागांचं एक आवर्तन सुमारे 10 सेकंदांचं होतं, त्यामुळे श्वास आपोआप मिनिटाला 6 वर येतो. एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा वेळा तरी श्वास घेतो. हा 6 चा वेग महत्त्वाचा, कारण आपल्या रक्तदाबातही साधारण 10 सेकंदांची एक संथ लाट सतत चालू असते. श्वास तिच्या तालात आला की मानेतल्या आणि छातीतल्या रोहिण्यांमधल्या दाब ओळखणाऱ्या पेशींची यंत्रणा जास्त तत्परतेने काम करते, नाडी आणि दाब चटकन सावरतात. 2001 च्या त्याच प्रयोगात ‘ओम मणि पद्मे हुम्’ या मंत्रानेही अगदी हाच परिणाम दिला. रोहिणीला धर्म कळत नाही!

गाण्याचंही तसंच. मराठी चर्चमध्ये नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. लांब ओळ म्हणायची तर श्वास लांबवर सोडावा लागतो, आणि श्वास सोडताना व्हेगस ही मज्जातंतू हृदयाची गती कमी करते. सगळ्यांनी एकच ओळ एकदम म्हटली की सगळ्यांची हृदयं जवळपास एकाच वेळी मंद होतात आणि एकाच वेळी वेग घेतात. स्वीडनमधल्या ब्यॉर्न विकहॉफ यांनी 2013 मध्ये एक स्तोत्र गाणाऱ्या मुलामुलींच्या नाडीच्या आलेखांत हे दाखवलं. रॉबिन डनबार यांच्या गटाचा 2015 चा अभ्यास तर मला सर्वांत आवडतो. प्रौढांचे नवे वर्ग सुरू केले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या सारखीच जवळ आली होती. पण गाणारे सुरुवातीच्या काही आठवड्यांतच जवळ आले. म्हणजे केरळातून किंवा झारखंडमधून सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या, मराठी जेमतेम समजणाऱ्या मुलाला मंडळीत मिसळायचं असेल तर त्याला आधी क्वायरमध्ये उभा करा, ओळखपाळख मागून होईल.

शरणपूरचा इतिहास इथे आठवतो. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ ही वस्ती उभी केली. हिंदी महासागरातल्या गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली पुष्कळशी इथे आणली जात. आईबाप नाहीत, गाव नाही, भाषा कुणाला कळत नाही. त्यांना शाळा, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं गेलं आणि धर्मही दिला गेला. त्यांना विचारून दिला का, हा प्रश्न आज आपण करू, आणि करायलाच हवा. पण या मुलांनी एकमेकांत जे नातं जोडलं ते टिकलं. त्यांच्यातला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत शोधमोहिमा काढणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. 1873 मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये शवपेटीला खांदाही दिला. पुढे प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसवलं, तेव्हा नाशिकला वाढलेले आफ्रिकन तिथे जाऊन राहिले. रक्ताचं कुणी नसताना आप्त कसे तयार होतात, याचं इतकं मोठं उदाहरण आपल्याच शहरात आहे आणि नाशिककरांना त्याचा पत्ता नसतो.

आता शंका काढू. चर्चला जाणारे जास्त जगतात, असं म्हणणारा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या 74,534 परिचारिकांचा आहे, 2016 चा. आठवड्यातून एकाहून जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, 16 वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण 33 टक्क्यांनी कमी होतं. पण अंथरुणाला खिळलेला माणूस चर्चला जाणार कसा? जो बरा आहे तोच जातो, मग चर्चने बरं केलं असं कसं म्हणायचं? संशोधकांनी आधीची प्रकृती, आधीचं नैराश्य, आधीची हजेरी सगळं गणितात घेतलं, तरी हे निरीक्षणच आहे, प्रयोग नाही. त्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा माणसांच्या आधाराने समजावता आला. बाकी कमी सिगारेट, कमी नैराश्य असं विखुरलेलं.

प्रयोग झाला तो प्रार्थनेवर. बायपास झालेल्या 1,802 रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी दुरून प्रार्थना केली. 2006 च्या निष्कर्षात काहीच फायदा दिसला नाही. उलट ‘तुमच्यासाठी प्रार्थना होत आहे’ हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण 59 टक्के होतं, आणि प्रार्थना झाली पण होईलच असं सांगितलं नव्हतं त्यांच्यात 52. देव आहे की नाही हे यातून ठरत नाही. पण अनोळखी माणसाने दुरून केलेली प्रार्थना आणि मावशीने येऊन तापवलेलं दूध यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे मात्र दिसतं. 2020 च्या मार्चमध्ये, कोरोना पसरत असताना, जगभर गुगलवर प्रार्थना शोधण्याचं प्रमाण एकदम वाढलं, असं जेनेट बेंटझेन यांनी 95 देशांच्या आकड्यांतून दाखवलं. उपासना तेव्हा मोबाइलवर आली. चहा आला नाही.

मंडळी जखमाही करते, हेही सांगायला हवं. केनेथ पार्गमेंट यांनी 2001 मध्ये रुग्णालयातल्या वयस्क रुग्णांच्या अभ्यासात दाखवलं, की ‘देवाने मला टाकलं’, ‘देव शिक्षा करतोय’ या विचारांत अडकलेल्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. तेव्हा मूल गमावलेल्या आईबापांसमोर बसून ‘प्रभूने परीक्षा घेतली, तुमचा विश्वास कमी पडला’ असं म्हणणारा सद्भक्त नुसताच उद्धट नसतो, तो अपाय करत असतो. अशा माणसाला सांत्वनाच्या भेटीला नेऊच नये. पाळकसाहेबांना तो कोण हे नक्की माहीत असतं.

यातलं किती चर्चचं आणि किती कुठल्याही मेळ्याचं? प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर थंडीत, कोलाहलात, तंबूत राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मेळ्यानंतर घरी परतल्यावर त्यांची प्रकृती आणि मन, गावातच राहिलेल्यांपेक्षा सुधारलेलं होतं, आणि संशोधकांनी पुढे त्याचा संबंध ‘आपण सगळे एक’ या भावनेशी जोडला. सिंहस्थाच्या शहराला हे नवीन वाटू नये. फरक एवढाच, की कुंभ बारा वर्षांनी येतो आणि रविवार सातव्या दिवशी.

दुःखात या सातव्या दिवसाचं मोल मोठं आहे. पहिले दहा-बारा दिवस घर भरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात कुणी येत नाही, आणि खरं रिकामपण तेव्हाच सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचा आजार सहा महिन्यांनंतरच धरला जातो, तोवर भेटायला येणाऱ्यांची यादी केव्हाच संपलेली असते. पण रविवारची हजेरी कुणीतरी बघत असतं. दोन रविवार दिसली नाही तर तिसऱ्या आठवड्यात बेल वाजते. सहा महिन्यांनीही झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही अशी अवस्था असेल तर बेल वाजवणाऱ्याने प्रार्थना करावीच, आणि सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडेही जावं. सरकारची टेलि-मानस ही सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 वर रात्रंदिवस मोफत बोलता येतं, मराठीतही. उपासनेच्या शेवटी वाढदिवस, लग्नाची घोषणा, सहलीची वर्गणी अशा सूचना वाचतात, त्यांत हा नंबर घालायला अर्धं मिनिट पुरे.