हेपरिनची लावणी

मावशीचं डायलिसिस चालू असताना शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मुलाने विचारलं, "हे रक्त पातळ करायचं इंजेक्शन ना?" सगळे असंच म्हणतात, पण त्या इंजेक्शनमधल्या हेपरिनने रक्त पातळ होत नाही. ते होतं तेवढंच दाट राहतं, फक्त त्याची गुठळी होत नाही. आपल्या रक्तातलंच अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन गुठळी करणाऱ्या थ्रॉम्बिनला निकामी करत असतं, पण संथपणे. हेपरिन म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. तिच्यातल्या पाच विशिष्ट साखरांशी अँटिथ्रॉम्बिनची गाठ पडली की तेच काम सुमारे 1000 पट वेगाने होतं. 'लसूण-मध खा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करा' असे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्यावं. ते वाचून कुणी खरंच गोळ्या बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं.

मला मात्र हेपरिन आवडतं ते प्लास्टिकवर बसवलेलं. रक्त प्लास्टिकला लागलं की काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा थर चढतो, त्यावर बिंबाणू (प्लेटलेट्स) चिकटतात आणि गुठळी धरायला लागते. मग नळीलाच आतून हेपरिन का लावू नये? 1963 साली अमेरिकेत व्हिन्सेंट गॉट आणि सहकाऱ्यांनी ते ग्रॅफाइटच्या थरावर बसवलं. पण ते केवळ विद्युतभाराच्या ओढीने धरलेलं होतं, रक्ताच्या प्रवाहात हळूहळू सुटून जायचं. रासायनिक बंधाने पक्कं करावं, तर साखळी ठिकठिकाणी जखडली जाते आणि त्या पाच साखराही अडकून पडतात.

भाताची रोपं चिखलात आडवी टाकून चालत नाही, मुळाकडून रोवावी लागतात. 1983 मध्ये स्वीडनच्या ओले लार्म आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. नायट्रस आम्लाने साखळी अशी तोडली की तुटल्या टोकाला अल्डिहाइड हा एकच रासायनिक गट तयार झाला. प्लास्टिकवर आधी अमाइन गट असलेल्या पॉलिमरचा थर दिला. अल्डिहाइड अमाइनशी जोडला गेला, क्षपण (रिडक्शन) करून तो बंध पक्का केला, आणि बाकीची साखळी रक्तात मोकळी डोलत राहिली. एम.एस्सी.ला असताना असा एक तुकडा मी टोल्युइडीन ब्लूच्या निळ्या द्रावणात बुडवला होता. हेपरिन होतं तेवढाच भाग जांभळा झाला. त्या जांभळ्या रंगाकडे मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

पण गुठळी थांबली म्हणजे काम संपलं असं नाही. नळी कृत्रिम रक्तवाहिनी म्हणून शरीरात बसवायची तर तिला आतून खऱ्या रक्तवाहिनीसारखं अस्तर हवं, म्हणजे त्यावर एंडोथेलियल पेशी वाढायला हव्यात. हेपरिनवर भरपूर ऋणभार असतो, आणि पेशींना वाढायला लावणाऱ्या एफजीएफ-2 या प्रथिनावर धनभार. ते हेपरिनला इतकं घट्ट धरतं की 1984 मध्ये ज्यूडा फोकमन आणि मायकल क्लॅग्सब्रन यांच्या गटाने अशाच कुळातलं वाढ-प्रथिन हेपरिन लावलेल्या मण्यांवर अडकवून शुद्ध केलं. हेपरिनला बिलगलेलं एफजीएफ-2 लवकर नासत नाही, आणि पेशीच्या ग्राहीला ते जोडलं जातानाही हेपरिनसारखी साखळी मध्यस्थी करते. पेशीला पाय रोवायला जागा मिळते ती फायब्रोनेक्टिन या प्रथिनामुळे. त्याचा एक भाग हेपरिनला धरतो, दुसरा पेशीला.

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींना मात्र हेच हेपरिन आवर घालतं. 1977 मध्ये क्लोज आणि कार्नोव्स्की यांनी उंदरांच्या जखमी धमन्यांत ते दाखवलं. एका पेशीला वाढ म्हणणारा रेणू शेजारच्या पेशीला थांब म्हणतो! अँजिओप्लास्टीनंतर माणसांना हेपरिन देऊन धमनी पुन्हा अरुंद होणं थांबवता येईल, अशी आशा होती. चाचण्यांत ती फळाला आली नाही.

सुमारे 6 मिलिमीटरहून बारीक कृत्रिम रक्तवाहिन्या आजही लवकर बंद पडतात. म्हणून हृदयाच्या बायपासला बहुतेकदा पायातली शीर काढून लावतात, आणि पेशंटच्या छातीबरोबर पायावरही टाके दिसतात.