‘गणपतीत देतो’ कुठल्या रकान्यात लिहायचं?

लहान दुकानदारासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर सोपं करायचं म्हटलं की चर्चा पडद्यापासून सुरू होते. बटणं मोठी हवीत, रंग कमी हवेत, भाषा मराठी हवी. कोकणातल्या कुठल्याही बाजारपेठेत तासभर बसलं तर कळतं की गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते: गल्ल्याखाली ठेवलेल्या, लाल कापडाच्या बांधणीच्या लांब वहीपासून.

आपल्याकडच्या देशी नामा पद्धतीत मुख्य वह्या दोन. रोजच्या रोज झालेले व्यवहार रोजकीर्दीत, आणि तेच व्यवहार माणसामाणसाच्या नावावर वाटून खतावणीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे लिखाण बऱ्याच ठिकाणी मोडी लिपीत चाले, कारण हात न उचलता भरभर लिहिता येई. वर्ष दिवाळीला बदले. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची, पाडव्याला पहिली नोंद करायची. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचं झालं, पण वहीपूजन दिवाळीलाच राहिलं. वहीचं वर्ष आणि कराचं वर्ष तिथून वेगळं झालं.

उधारीच्या वहीचं एक पान जवळून पाहू. डोक्यावर आडनाव असेलच असं नाही. ‘वरच्या वाडीतली मावशी’, ‘शाळेमागचा रिक्षावाला’, ‘निळी होडी’ असलं काहीतरी असतं. खाली तारखा, तांदूळ, गोडंतेल, साखर, काडेपेटी, आणि उजवीकडे आकडे. मधेच एखादी रक्कम वजा. खातं मिटलं की पानभर एक तिरकी रेघ. चूक झाली तर आकडा खोडून बाजूला नवा लिहायचा, पण जुना वाचता आला पाहिजे. (कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. वहीत तो केव्हापासून आहे.) आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं एक शब्द: ‘आंब्यावर’ किंवा ‘गणपतीत’. पैसे कधी येणार, त्याची ती मुदत.

या पानाची रचना माणसाभोवती आहे. आधी नाव, मग वस्तू, मग रक्कम. दुकानदाराच्या डोक्यातही हिशेब असाच बसलेला असतो: कुणाकडून येणं, कुणाचं देणं.

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची रीत, मांडली. इंग्रजी शिक्षणाबरोबर ती आपल्याकडे कॉलेजात आली आणि तिच्यासोबत एक घोळ आला. तिकडच्या खतावणीत डावी बाजू डेबिटची, म्हणजे नावेची. देशी नाम्यात डावीकडे जमा. बापाच्या शेजारी बसून शिकलेला मुलगा आणि बी.कॉम. होऊन आलेला मुलगा एकच पान आरशात पाहिल्यासारखं वाचतात. सॉफ्टवेअरमधल्या ‘डेबिट-क्रेडिट’ला दुकानदार बिचकतो, त्यामागे अडाणीपणापेक्षा हा गुंता जास्त आहे.

हा घोळ अमेरिकेत नव्हता, तरी डेबिट-क्रेडिटची अडचण तिथंही होतीच. १९८३ साली स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी इंट्युइट कंपनी काढली. तिचा क्विकन हा कार्यक्रम घरखर्चासाठी होता आणि पडदा चेकबुकासारखा दिसे. पुढे कंपनीच्या ध्यानात आलं की कितीतरी छोटे व्यावसायिक त्याच्यावरच धंद्याचे हिशेब ठेवतायत. बाजारात खास व्यवसायासाठीची सॉफ्टवेअर होती, पण ती हिशेबतपासनिसाच्या डोक्यानं चालायची. १९९२ साली क्विकबुक्स आलं ते या धड्यावर: डेबिट-क्रेडिट पोटात ठेवायचं, वर बिल आणि चेक दाखवायचा. ग्राहकाच्या परवानगीनं त्याच्या घरी जाऊन, तो सॉफ्टवेअर कसं वापरतो ते मुकाट्यानं बघत बसायचं, ही या कंपनीची पद्धत आजही दाखला म्हणून सांगितली जाते. ते चेकबुक म्हणजे तिकडची लाल वहीच.

भारतातली गोष्ट बंगळुरातून सुरू होते. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना माल पुरवत. हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, ते लिहायला सांगितलं. १९८६ साली सुरू झालेल्या त्या कामातून टॅली उभं राहिलं. त्या काळच्या बऱ्याच कार्यक्रमांत प्रत्येक खात्याला सांकेतिक आकडा लागे आणि तो पाठ असावा लागे. टॅलीनं आकडे काढून टाकले. नाव लिहायला लागा, खाली यादी येते, एंटर दाबा. हा बदल आज क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते भारतीय दुकानदारासाठी झालेली ती पहिली खरी सोय होती, कारण वहीतलं नाव तिथं जसंच्या तसं परत आलं.

नाव आलं खरं, पण त्याच्या आधी एक दार उभं राहिलं. टॅली पहिल्यांदा विचारतं: व्हाउचर कोणतं, म्हणजे नोंद कुठल्या प्रकारची? एफ ५ म्हणजे पैसे दिले, एफ ६ म्हणजे आले, एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. ज्याची बोटं या किल्ल्यांवर बसली तो माउसला हात न लावता दिवसाचं काम अर्ध्या तासात उरकतो, इतकी ती रचना चोख आहे. मालकाची बोटं मात्र बसली नाहीत. मग चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीत ‘टॅली येणारा पोरगा’ ही एक नोकरीच तयार झाली. तो संध्याकाळी दोन-तीन दुकानं फिरून नोंदी मारतो आणि मालक स्वतःच्या धंद्याची शिल्लक त्यालाच विचारतो.

सरकारी कामानं ही गरज पक्की केली. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. मालविक्रीसाठी जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा आधी वर्षाला वीस लाखांची उलाढाल होती, ती १ एप्रिल २०१९ पासून चाळीस लाख झाली, त्यामुळे गावातली बरीच छोटी दुकानं बाहेर राहिली. जी आत आली त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर म्हणजे विवरणपत्र भरायचं यंत्र झालं. पडद्यावरचे रकाने दुकानदाराऐवजी जीएसटीच्या सरकारी पोर्टलला काय हवं त्यावरून ठरू लागले. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, डबाबंद आमरसावर आहे. बाग आणि छोटा कारखाना दोन्ही असलेल्याला एकाच आंब्यासाठी दोन तऱ्हांनी विचार करावा लागतो.

२०१६ नंतर स्वस्त डेटा आला, यूपीआय आलं आणि हिशेब खिशातल्या फोनवर आला. २०१७ मध्ये ओकेक्रेडिट हे उधारीच्या नोंदीचं ॲप सुरू झालं, पाठोपाठ तसंच खाताबुक. यांनी व्हाउचरचा प्रश्नच टाकून दिला. नावावर बोट ठेवा आणि दोन बटणांतलं एक दाबा: लाल म्हणजे तुम्ही दिले, हिरवं म्हणजे तुम्हाला मिळाले. मराठीत चालतं, मांडणी उधारीच्या वहीची. उधारीची सगळी वही दोन बटणांत बसवली, हे कौतुकाचंच. मात्र त्यातली आठवणीचा संदेश पाठवायची सोय गावात जपून वापरावी लागते. वाटेत भेटल्यावर ‘काय, बरंय ना?’ विचारण्यात जी वसुली असते, ती फोनवर आकडा गेला की अपमान होते.

कोकणच्या धंद्याची खरी अडचण उधारीच्या पुढे आहे. बागायतदार वाशीच्या दलालाकडून मोसमाआधी उचल घेतो. मार्चपासून पेट्या जातात. गाडी भरली तेव्हा भाव ठाऊक नसतो. काही दिवसांनी पट्टी येते: किती पेट्या, काय भावानं गेल्या, गाडीभाडं आणि हमाली वजा, उचलीपोटी वळते केलेले वजा, हातात इतके. बिल करायला गेलं की सॉफ्टवेअर पहिल्याच ओळीला दर मागतं. मग कुणी शून्य टाकतो, कुणी अंदाजे आकडा, आणि मे संपेपर्यंत खात्याचा चोथा झालेला असतो. पट्टी आली की तिच्यावरून विक्री आपोआप पडावी आणि उचल तेवढी कमी व्हावी, एवढी एक सोय असली तरी रत्नागिरी-देवगडातले कितीतरी जण वही मिटवतील.

मच्छीमार होडीचंही तसंच. डिझेल, बर्फ, रेशन आधी बाजूला काढायचं, उरलेल्याची मालक आणि खलाशी यांच्यात ठरलेली वाटणी, त्यात खलाशानं आधी घेतलेले पैसे वळते करायचे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत उत्पन्न शून्य आणि उचल चालू. पगारपत्रकाच्या साच्यात हे बसत नाही.

पाऊस आणि वारं यांनीही रचनेवर आपला शेरा मारला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. जे ॲप नेटवर्कशिवाय उघडत नाही, त्याचा तिथं उपयोग काय? उलट २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा वह्यांचा लगदा झाला आणि तळमजल्यावरचे संगणकही गेले. नेटवर्क नसताना चालावं आणि आल्यावर बाहेर प्रत ठेवावी, या दोन्ही अटी कोकणानं वर्षभराच्या अंतरानं घालून दिल्या.

राहिला तो पेन्सिलीचा शब्द. ॲपमध्ये वसुलीची तारीख टाकायला कॅलेंडर उघडतं, दिवस-महिना-वर्ष. ‘गणपतीत देतो’ म्हणणाऱ्याची तारीख २०२४ मध्ये ७ सप्टेंबरच्या आसपास होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टच्या. चाकरमानी मुंबईहून येणार, घरात पैसे येणार, मग दुकानात. ‘आंब्यावर’ला तर मोहरानं दगा दिला की तारीखच उरत नाही. दुकानदार कॅलेंडर बंद करतो, खालच्या टिपेच्या चौकटीत ‘गणपतीत’ असं लिहितो, आणि ॲप तिसाव्या दिवशी लाल होतं.