चंद्रावर आदळणं आणि चंद्रावर उतरणं

परवा भाच्यानं विचारलं, मामा, तिरंगा तर २००८ लाच चंद्रावर गेला होता ना, मग २०२३ ला एवढे फटाके कशाला? पोराचं चुकलं नाही, मोठ्यांचाही इथे घोळ होतो, कारण आपण दोन्हीला सरसकट "चंद्रावर पोचलो" म्हणतो.

तर आधी २००८. चांद्रयान-१ दिवाळीच्या तोंडावर, २२ ऑक्टोबरला गेलं, आणि त्याच्यावर साधारण ३५ किलोचा एक डबा बसवलेला, मून इम्पॅक्ट प्रोब, बाजूंवर तिरंगा रंगवलेला (ही आयडिया कलामांची). १४ नोव्हेंबरला तो १०० किलोमीटर उंचीवरून सोडला, पंचवीसेक मिनिटं खाली येत राहिला आणि दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन विवराच्या भागात आदळला. चुकून नाही हां, आदळायलाच पाठवला होता. त्याला पाय नाहीत, ब्रेक नाही. जाताजाता फोटो काढायचे, तिथले विरळ वायू तपासायचे, डेटा वरच्या यानाला द्यायचा, की काम संपलं. याला हार्ड लँडिंग म्हणतात, पण लँडिंग हा शब्दच मला इथे जरा जास्त वाटतो.

सॉफ्ट लँडिंगमधे, म्हणजे अलगद उतरण्यात, खरा खेळ वेगाचा. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ च्या विक्रमनं (म्हणजे त्याचा चंद्रावर उतरणारा भाग) ३० किलोमीटर उंचीवर ब्रेक लावायला सुरुवात केली तेव्हा वेग होता सेकंदाला १.६८ किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे दीड मिनिटात. तो वेग एकोणीसेक मिनिटांत जवळजवळ शून्यावर आणायचा, आणि चंद्रावर हवाच नाही त्यामुळे पॅराशूट निरुपयोगी, इंजिनं उलटी पेटवूनच थांबायचं, आणि पृथ्वीवरून कोणी स्टिअरिंग धरू शकत नाही, सगळं यानानं स्वतः ठरवायचं. शेवटी १५० मीटरवर थोडं थांबून खाली दगड-खड्डे नाहीत ना बघितलं आणि मग टेकलं. (आणि ध्रुवावर नाही, ध्रुवाच्या बाजूला, ६९ अंश दक्षिणेला.)

आता गोंधळ वाढवतं ते २०१९ चं चांद्रयान-२, तेही उतरायलाच गेलेलं. त्या रात्री आमच्याकडे गौरी जेवलेल्या, पुरणपोळी खाऊन सगळे सुस्त, तरी जागरण होतंच म्हणून दीड-दोनपर्यंत अख्खं घर टीव्हीसमोर. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक, आणि मग स्क्रीनवरची ती रेषा थांबली, सगळे एकदम गप्प. आई झोपेतच म्हणाली, "पोचलं का?" काय सांगणार, पोचलं होतंच की, पण आदळून. शेवट २००८ सारखाच, तरी हे इम्पॅक्ट मिशन नव्हतं, उतरायला गेलेलं यान पडलं. इंजिनांनी ठरल्यापेक्षा जरा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, त्या सुधारायला यान हवं तितक्या पटकन वळू शकलं नाही, आणि उतरायची जागा ५०० बाय ५०० मीटरच ठरलेली. म्हणून पुढच्या वेळी जागाच मोठी धरली, ४ बाय २.४ किलोमीटर, इंधन वाढवलं, आणि पाय असे केले की सेकंदाला ३ मीटर वेगानं टेकलं तरी मोडू नयेत. माझ्या मते २०२३ चं यश त्या गौरीच्या रात्रीतूनच आलंय, २००८ मधून फार कमी.

२०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी सोसायटीच्या हॉलमधे आरडाओरडा झाला तेव्हा आईला फोन केला, तिचा प्रश्न परत तोच, पोचलं का. म्हटलं, उतरलं!

भाच्याला मात्र हे सगळं ऐकून पटलं नाही, त्याला पटलं ते ३ सप्टेंबरचं, जेव्हा विक्रमनं इंजिनं परत पेटवून ४० सेंटीमीटर उडी मारली आणि थोडं बाजूला जाऊन पुन्हा पायांवर उभा राहिला.