नळीवरची दुर्बीण : शिकारीच्या स्कोपची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत रायफलसाठी स्कोप विकत घेणारा माणूस आज शिकारी नसतो, आणि कायद्याने त्याला होताही येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये लागू झाला तेव्हा काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोयही संपली. स्कोप येथे बहुधा एअर रायफलवर बसतो आणि कागदी लक्ष्यावर रोखला जातो. तरीही दुकानातील जवळजवळ प्रत्येक स्कोपची घडण शिकारीच्या गरजेतून झालेली आहे. त्याच्या खोक्यावरील ४×३२, ३-९×४०, ८×५६ या आकड्यांत पहिला आकडा वर्धनाचा (३-९ म्हणजे ३ ते ९ पट) आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा. हे आकडे कोठून आले ते कळले नाही, तर ग्राहक केवळ ‘किती पट मोठे दिसते’ एवढेच विचारतो आणि सर्वांत मोठ्या आकड्याला पैसे मोजतो. स्कोपचा इतिहास पाहिला तर बनवणाऱ्यांची मुख्य धडपड मोठे दिसण्यासाठी नव्हती. अपुऱ्या उजेडात दिसावे आणि झटके सोसूनही नेम हलू नये, यासाठी होती.

दुर्बीण सतराव्या शतकाच्या आरंभीची, परंतु गॅलिलिओच्या रचनेत नेम धरण्याची खूण ठेवायला जागाच नव्हती, कारण अंतर्गोल नेत्रभिंगामुळे प्रतिमा नळीच्या आत तयारच होत नाही. केप्लरने १६११ मध्ये दोन बहिर्गोल भिंगांची रचना सुचवली. तिच्यात प्रतिमा उलटी दिसत असली, तरी ती नळीच्या आत एका निश्चित प्रतलावर पडते, आणि त्या प्रतलावर ताणलेली तार प्रतिमेइतकीच स्पष्ट दिसते. इंग्लंडमधील विल्यम गॅस्कॉइन या तरुण खगोलनिरीक्षकाला १६४० च्या सुमारास हे उमगले, ते त्याच्या दुर्बिणीत शिरलेल्या कोळ्याच्या धाग्यामुळे. आजच्या प्रत्येक स्कोपमधील क्रॉसहेअरचे, म्हणजे नेम धरण्याच्या फुलीचे, मूळ त्या धाग्यात आहे. पुढे दोनशे वर्षे मात्र ही युक्ती आकाशातील तारे मोजण्यात आणि जमीन मोजणीतच राहिली, कारण त्या काळच्या बंदुकीचा नेम दुर्बिणीला साजेल इतका खरा नव्हता.

बंदुकीच्या नळीला आतून आटे पाडण्याची कला पक्व झाल्यावर चित्र पालटले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मॉर्गन जेम्स या बंदूक कारागिराने जॉन चॅपमन या अभियंत्याच्या मदतीने १८४० च्या आसपास रायफलवर बसणाऱ्या लांब दुर्बिणी बनवल्या, आणि त्याच राज्यातील विल्यम माल्कम याने १८५५ पासून रंगदोष काढलेली भिंगे वापरून त्या सुधारल्या. या दुर्बिणी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतक्याच लांब असत, दृष्टिक्षेत्र अतिशय अरुंद असे, आणि नेम साधायला आतील तार नव्हे तर संपूर्ण दुर्बीणच तिच्या बैठकीवर सरकवावी लागे. याच सुमारास ब्रिटनमध्ये असा प्रयत्न करणारे डेव्हिड डेव्हिडसन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी होते. त्यांची दुर्बीण पुढे व्हिटवर्थ रायफलवर बसली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांच्या हाती गेली. मुंबईच्या सैन्यातला माणूस या इतिहासात आरंभीच भेटतो. मुंबई इलाख्यातील शिकारीवर मात्र त्याच्या दुर्बिणीचा ठसा फारसा उमटला नाही.

खऱ्या अर्थाने शिकारी स्कोप घडला तो मध्य युरोपात. ऑस्ट्रियातील स्ट्रॉन्सडॉर्फ येथील वनाधिकारी आउगुस्ट फिडलर यांनी १८८० मध्ये शिकारीस उपयोगी अशी आटोपशीर दुर्बीण बनवली, १८९८ मध्ये व्हिएन्नात काल्सचा दुर्बिणींचा कारखाना सुरू झाला, आणि जर्मनीतील येना, वेट्झलार येथील भिंगकारांनी हा धंदा पुढे नेला. तेथील शिकारी उंच मचाणावर बसून रानडुकराची वाट पाही आणि सावज निघे ते दिवस मावळताना किंवा चांदण्यात. म्हणून तेथे भिंगाचा व्यास मोठा आणि वर्धन बेताचे ठेवले गेले. हिशोब सोपा आहे : पुढच्या भिंगाचा व्यास वर्धनाने भागला की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×५६ मध्ये ती ७ मिलिमीटर येते, आणि अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. ३-९×४० चा स्कोप ९ वर नेला की हीच रुंदी साडेचार मिलिमीटरपेक्षा कमी होते. संध्याकाळी त्यातून सावज मोठे पण मळकट दिसते. नेम धरण्याच्या जाड खांबासारख्या जुन्या जर्मन खुणाही त्या अंधुक उजेडासाठीच होत्या, कारण बारीक तार तेव्हा दिसेनाशी होते.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने शिकाऱ्यांकडून दुर्बिणी बसवलेल्या रायफली गोळा करून आघाडीवर पाठवल्या, आणि चांगल्या काचेसाठी तोवर जर्मनीवर विसंबलेल्या ब्रिटनची तारांबळ उडाली. परंतु शिकारीच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना १९३५ ची आहे. त्या वर्षी झाइस या जर्मन भिंगकंपनीतील आलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर परावर्तनरोधी लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चारएक टक्के प्रकाश परततो; दहा पृष्ठभागांच्या दुर्बिणीत सुमारे एक तृतीयांश प्रकाश असाच वाया जाई. त्या लेपाने जेवढे साधले, तेवढे भिंग वाढवून कधीच साधले नसते. आजही स्वस्त आणि चांगल्या स्कोपमधील खरा फरक आकड्यांत नसून याच लेपात असतो, आणि दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली तो कळत नाही. दिवेलागणीच्या वेळी बाहेर येऊन एखाद्या झाडाच्या सावलीतील फांद्या पाहाव्यात, मग कळतो.

स्कोप सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आणला तो अमेरिकेने. बिल वीव्हर यांनी १९३० मध्ये आणलेला ३-३० हा स्कोप बैठकीसह १९ डॉलरला मिळे. त्याच देशाच्या ओलसर वायव्य भागात मार्कस ल्युपोल्ड यांच्या स्कोपमध्ये वाफ धरली आणि हरीण हातचे गेले, अशी हकीकत सांगितली जाते. १९४० च्या दशकाअखेर त्यांच्या कंपनीने नळीतील दमट हवा काढून नायट्रोजन भरलेले स्कोप बनवायला सुरुवात केली. खाडीकाठच्या जुलैमधील हवेत स्कोप बाळगणाऱ्याला या सुधारणेचे मोल वेगळे सांगायला नको. कडेला जाड आणि मध्यभागी बारीक अशी आज सर्वत्र दिसणारी खूणही ल्युपोल्डने १९६२ मध्ये आणली.

हे सर्व घडत असताना भारतातील शिकार बहुतांशी उघड्या नेमावरच चालली. मचाणावरून किंवा हाकाऱ्यात वाघ पन्नास पावलांच्या आत येई, झाडी दाट असे, आणि जखमी जनावर अंगावर आले तर दुर्बिणीतून शोधत बसायला वेळ नसे. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये मारला तो रायफलला जोडलेल्या विजेरीच्या उजेडात. ठाण्याच्या खाडीकाठी आणि भातखाचरांत तर पाणपक्ष्यांसाठी छर्ऱ्याची बंदूक होती, आणि उडत्या पक्ष्यावर दुर्बिणीचा उपयोग नसतो. मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ मध्ये आला. स्कोप येथे रुळण्याआधीच शिकारीचा काळ ओसरू लागला होता.

आता उरलेल्या वाटा थोड्या आहेत. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याबाबत वनाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. येऊरच्या डोंगराला लागून वाढलेल्या ठाण्यात बिबट्या वस्तीत आला, जसा फेब्रुवारी २०१९ मध्ये कोरम मॉलच्या परिसरात आला होता, तर भुलीची बंदूक वनखात्याचे प्रशिक्षित पथकच चालवते. त्या अंतरावर मोठ्या वर्धनाचे काहीच काम नसते. बाकी सामान्य माणसाच्या वाट्याला येते ती ४.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची आणि गोळीच्या २० जूल ऊर्जेच्या मर्यादेतील, परवाना न लागणारी एअर रायफल. परवाना नाही म्हणून पक्षी मारण्याची मुभा नाही, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते. कावळ्याला पूर्वी उपद्रवी ठरवणारी अनुसूचीही २०२२ च्या दुरुस्तीने गेली.

या एअर रायफलवर मोठ्या शिकारीचा स्कोप चढवला की दोन गोष्टी बिघडतात. स्प्रिंगची रायफल चाप ओढताच आधी मागे आणि लगेच, दट्ट्या टोकाला आदळल्यावर, पुढे झटका देते. बारुदाच्या रायफलीसाठी बनलेल्या स्कोपची भिंगे मागच्या झटक्यासाठी घट्ट केलेली असतात. पुढच्या झटक्याने ती सैल होतात, किंवा बैठकच खाचेवरून इंचाइंचाने सरकते. म्हणून एअर रायफलसाठी म्हणून विकला जाणारा स्कोप आणि खाचेत अडणारी खुंटी असलेली बैठक घ्यावी. दुसरे अंतराचे. शिकारीच्या स्कोपचे पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला तरी क्रॉसहेअर लक्ष्यावरून न हलण्याची जुळणी, सहसा १०० यार्डांना केलेले असते. इमारतीच्या गच्चीवर दहा-पंधरा मीटरवर लक्ष्य लावले तर डोळा जरा हलताच क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकताना दिसते. नेम जुळवण्याच्या चकतीची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक टिकटिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर नेम हलवते, तर २० मीटरवर जेमतेम दीड मिलिमीटर, त्यामुळे नवखा माणूस ‘फिरवूनही काही होत नाही’ म्हणून भराभर फिरवत जातो. शिवाय स्कोप नळीच्या चारएक सेंटीमीटर वर बसतो. २५ मीटरला नेम जुळवलेली रायफल पाच मीटरवर दोन-तीन सेंटीमीटर खाली मारते, यात रायफलीचा दोष नसतो. दहा मीटरपर्यंत जुळणारा, ४ पट वर्धनाचा साधा स्कोप येथे पुरतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील दहा मीटर धावत्या लक्ष्याच्या प्रकारातही दुर्बिणीला ४ पटींचीच मर्यादा आहे, आणि ऑलिम्पिकमधील दहा मीटर एअर रायफल प्रकारात तर दुर्बिणीला परवानगीच नाही.