बर्फात वाट कशी पडते?

बाल्टो नावाच्या कुत्र्याने एकट्याने हजार किलोमीटर धावून एक गाव वाचवलं, हा फॉरवर्ड मला तिसऱ्यांदा आला. खाली हात जोडलेले इमोजी. घडलं ते असं : जानेवारी १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. समुद्र गोठलेला, त्यामुळे बोटी बंद. रेल्वेने औषध नेनाना गावापर्यंतच नेता येत होतं. तिथून पुढचे सुमारे १०८५ किलोमीटर औषध नेलं ते स्लेज (बर्फावरची घसरगाडी) हाकणाऱ्या २० जणांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी, हातोहात, साडेपाच दिवसांत. बाल्टो होता गावात शिरलेल्या शेवटच्या गाडीला. सगळ्यात लांबचा टप्पा काढला टोगो नावाच्या दुसऱ्या म्होरक्या कुत्र्याच्या गाडीने. न्यूयॉर्कला पुतळा मात्र बाल्टोचा!

मला कौतुक आहे ते वाटेचं. ती टपालाची रुळलेली वाट होती. सोन्यामागे माणसं उत्तरेत गेली, त्यांच्यामागे टपाल गेलं, आणि एकेका दिवसाच्या मजलीवर मुक्कामाची ‘रोडहाउस’ उभी राहिली. उन्हाळ्यात तिथे नद्या आणि दलदल. गोठलं की रस्ता.

आता खरी गंमत. ताज्या भुसभुशीत बर्फात कुत्रं पोटापर्यंत रुततं. म्हणून एक माणूस पायांना स्नोशू (बर्फात रुतू नये म्हणून रुंद जाळीदार चौकटी) बांधून पुढे बर्फ तुडवत चालतो. रात्रभर थांबलं, की सकाळी तीच पट्टी टणक! तापमान उणे २०. म्हणजे वितळून पुन्हा गोठलं, असंही नाही. मग कण चिकटले कसे?

उणे २० चा बर्फ आपल्याला गार लागतो, पण त्याच्या वितळणबिंदूच्या मानाने तो चांगलाच तापलेला आहे. केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून मोजा : २५३ भागिले २७३, सुमारे ९३ टक्के. लोखंड त्याच प्रमाणात तापवायचं तर १४०० अंश सेल्सिअस लागतील. अशा अवस्थेत रेणू जागचे हलतात. कणाच्या फुगीर, टोकदार भागावर ते सैल धरलेले असतात, तिथून वाफ सुटते. दोन कण टेकतात तिथल्या खोबणीत वक्रता उलटी, म्हणून बाष्पदाब, म्हणजे वाफ सुटायचा जोर, कमी. वाफ तिथे जाऊन बसते. खोबण भरत जाते, सांधा जाड होतो. याला म्हणतात सिंटरिंग. तुडवल्याने नाजूक स्फटिक मोडतात, कण बारीक होतात आणि टेकायच्या जागा वाढतात. फ्रीजरमध्ये ट्रेमधून काढून ठेवलेले बर्फाचे खडे काही दिवसांनी एकमेकांना धरून बसतात, त्यातही हाच प्रकार असतो.

अशी वाट पडली, की वर हातभर नवा बर्फ साचला तरी खाली टणक पट्टी राहते. म्होरक्या कुत्रा ती पायांनी चाचपत जातो. पाऊल बाहेर पडलं की रुतलंच. पण दर हिवाळ्यात ती नव्याने तुडवावी लागते. पुढे विमानं आली, टपाल आकाशातून जाऊ लागलं, रोडहाउस ओस पडली. अलास्कातला कुत्र्यांचा शेवटचा टपालमार्ग १९६३ मध्ये सव्हूंगा गावात बंद झाला.