ओली वाकळ आणि सुयांचा उपचार

खानापूरकडच्या पावसात वाकळ दोन-दोन दिवस वाळत नाही. सात वर्षांचं पोर रोज अंथरूण ओलं करत असेल तर ती दांडीवर टाकली की गल्लीभर कळतं, आणि आईचा वैताग पोराच्या पाठीवर निघतो. मग कुणीतरी सांगतं, बेळगावात सुया टोचून घ्या, थांबतं.

आधी त्या पोराला मारणं थांबवा. यात आळस नाही की खोडी नाही. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक जास्त सुटतं, म्हणून झोपेत लघवी कमी तयार होते. काही मुलांत ही घडी उशिरा बसते. काहींचं मूत्राशय थोडं भरलं तरी आकसतं, आणि ते भरल्याची जाणीव झोप मोडण्याइतकी होत नाही. आईला किंवा वडिलांना लहानपणी हेच होत असेल, तर मुलालाही होण्याची शक्यता बरीच वाढते. आजीला विचारून बघा.

ॲक्युपंक्चरमध्ये या तक्रारीसाठी बेंबीखाली आणि पायावर सुया टोचतात. पायावरचा एक बिंदू आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर असतो. तिथून जवळच टिबियल नस (रक्ताची नव्हे, संवेदना नेणारी मज्जातंतूची नस) जाते. ही नस कण्याच्या तळाशी ज्या मुळांतून येते, त्यांतल्याच काहींतून मूत्राशयाच्याही नसा निघतात. मूत्राशय फार चाळवलेलं असेल तर डॉक्टर याच नसेला सौम्य वीज देतात. म्हणून सुयांची कल्पना मला अगदीच बिनबुडाची वाटत नाही.

पण पुरावा तोकडा आहे. कॉक्रेन ही उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या 2011 च्या आढाव्यात ॲक्युपंक्चरचा थोडा फायदा दिसला, तोही लहान आणि कच्च्या चाचण्यांमधून. शिवाय यातली शंभरातली साधारण पंधरा मुलं दरवर्षी काहीही न करता बरी होतात. त्या वर्षी जो उपचार चालू असेल, त्याचं नाव होतं.

पैसे घालायचेच तर ओलावा लागताच वाजणाऱ्या अलार्मवर घाला. दोन-तीन महिने चिकाटी लागते, घरचे सगळे जागे होतात, पण त्याचा पुरावा भक्कम आहे. सोबत बद्धकोष्ठ घालवा, संध्याकाळनंतर चहा बंद करा, झोपण्याआधी लघवीला पाठवा. तरीही सुया घ्यायच्याच ठरल्या, तर प्रत्येक सुई नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली हवी.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, दिवसाही कपडे ओले होऊ लागले, फार तहान लागून वजन उतरलं किंवा लघवीला जळजळ झाली, तर सुया राहू द्या. आधी डॉक्टरांकडे लघवी आणि रक्तातली साखर तपासून घ्या.