स्ट्रासबर्ग आणि लक्झेंबर्ग: एका झेंड्याखालची दोन कोर्टं

जून 2022 मध्ये आश्रय मागणाऱ्यांना ब्रिटनहून रवांडाला घेऊन जाणारं विमान ऐन वेळी थांबलं आणि लगेच ओरड सुरू झाली: ब्रेक्झिट झालं तरी युरोपचं कोर्ट आमच्या डोक्यावर बसलेलंच! तो आदेश स्ट्रासबर्गच्या कोर्टाचा होता. ब्रेक्झिटचं भांडण होतं लक्झेंबर्गच्या कोर्टाशी. ही गल्लत मी इतक्यांदा वाचली आहे की आता हसूही येत नाही. त्यातही वाईट याचं वाटतं, की ती सर्वात जास्त करतात सार्वभौमत्वाच्या बाजूने बोलणारेच. त्यांची बाजू मला बरीचशी पटते, आणि तिचं नुकसान तेच करतात.

लक्झेंबर्गचं कोर्ट युरोपीय महासंघाचं. महासंघाबद्दल वेगळं सांगायला नको: 27 देश, ब्रसेल्स, युरो. स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय मात्र ‘काउन्सिल ऑफ युरोप’ या वेगळ्याच संस्थेचं. ती 1949 ची, सदस्य 46, त्यात तुर्कस्तान आणि युक्रेन आहेत, ब्रिटन आजही आहे. बारा ताऱ्यांचा झेंडा मुळात तिचा. 1955 पासून ती तो वापरत होती, महासंघाने नंतर तोच उचलला. शिवाय महासंघाचीही एक ‘युरोपियन काउन्सिल’ आहे, म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांची बैठक. ही नावं ठरवणाऱ्यांना वाचकांची जराही दया आली नसावी. पण हा नावांचा घोळ किरकोळ आहे, दोनदा वाचलं की सुटतो.

न सुटणारी गाठ पुढे आहे. ‘दोन्ही कोर्टं परकी, दोन्हींचे निकाल बंधनकारक, मग फरक काय?’ फरक असा: निकाल लागल्यावर देशातल्या कायद्याचं काय होतं?

ब्रिटनचीच दोन प्रकरणं घ्या. दोन्ही हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आली, तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय होतं. पहिलं मासेमारीचं. स्पॅनिश मालकांच्या बोटी ब्रिटनमध्ये नोंदणी करून ब्रिटनच्या वाट्याचे मासे पकडत होत्या. ते थांबवायला पार्लमेंटने 1988 मध्ये कायदा केला. हा कायदा युरोपीय समुदायाच्या (महासंघाचं तेव्हाचं रूप) कायद्याविरुद्ध आहे म्हणत बोटमालक कोर्टात गेले, प्रश्न लक्झेंबर्गला पोचला, आणि 1990 मध्ये ब्रिटिश न्यायाधीशांनी स्वतःच्या पार्लमेंटचा कायदा बाजूला ठेवून त्याची अंमलबजावणी रोखली. पार्लमेंटच्या कायद्याला कोर्टाने हात लावायचा नाही, हा तिथला शेकडो वर्षांचा शिरस्ता. तो माशांवरून मोडला.

दुसरं प्रकरण 2004 चं. दहशतवादाचा संशय असलेल्या परदेशी नागरिकांना खटल्याविना बेमुदत डांबून ठेवणारा कायदा. माणसाचं स्वातंत्र्यच पणाला लागलेलं, म्हणजे माशांच्या कोट्यापेक्षा कितीतरी गंभीर मामला. न्यायाधीशांनी निःसंदिग्धपणे सांगितलं, स्ट्रासबर्गचं कोर्ट ज्या मानवी हक्क करारावर चालतं, त्याच्याशी हा कायदा विसंगत आहे. आणि पुढे? कायदा जागच्या जागी राहिला. ब्रिटनच्या 1998 च्या मानवी हक्क कायद्यानुसार कोर्टाला अशा वेळी फक्त तसं जाहीर करता येतं, कायदा रद्द करता येत नाही. 2005 मध्ये पार्लमेंटने नवा कायदा आणला, तेव्हा कुठे तो गेला.

थोडक्यात, लक्झेंबर्गचा कायदा घरात येऊन बसतो. स्ट्रासबर्गचा दारावर थाप मारतो.

थाप किती वेळ ऐकू न आल्यासारखं करता येतं? कैद्यांच्या मताधिकारावर ब्रिटनने घातलेली सरसकट बंदी स्ट्रासबर्गने 2005 मध्ये अमान्य केली. 2011 मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने 234 विरुद्ध 22 मतांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. सार्वत्रिक निवडणुका होत राहिल्या. अखेर 2017 च्या शेवटी सरकारने प्रशासकीय पातळीवरचा एक मामुली बदल सुचवला, आणि तेवढ्यावर प्रकरण मिटलं. कैद्यांच्या बाबतीत हे योग्य झालं असं मला मुळीच वाटत नाही. पण पार्लमेंट ‘नाही’ म्हणालं आणि ते ‘नाही’ टिकलं, हे खरं.

महासंघाच्या कायद्याचं हे वरचढ स्थान आलं कुठून? मूळ करारात ते लिहिलेलं नव्हतं. मिलानच्या एका वकिलाने दोन हजार लिऱ्यांच्याही आतलं विजेचं बिल भरायला नकार दिला. वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाला त्याचा विरोध होता. तो वाद लक्झेंबर्गपर्यंत गेला आणि 1964 मध्ये कोर्टानेच ठरवलं, की समुदायाचा कायदा देशाच्या कायद्याच्या वर. सार्वभौमत्ववाद्यांचा सर्वात भक्कम मुद्दा हा आहे. परकी न्यायाधीश वगैरे भावनिक बडबड सोडून तो मांडायला हवा. अर्थात ब्रिटनपुरतं सांगायचं, तर 1972 चा कायदा करून हे वरचढपण पार्लमेंटनेच घरात घेतलं होतं, तेही विसरून चालणार नाही.

दुसरा भक्कम मुद्दा मतदानाचा. काउन्सिल ऑफ युरोपचा नवा करार तुमच्या संसदेने मान्य केल्याशिवाय तुम्हाला लागू होत नाही. महासंघात बऱ्याच विषयांवर 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या जमली की बाकीच्यांचा विरोध संपला. सप्टेंबर 2015 मध्ये 1,20,000 निर्वासित वाटून घ्यायचा निर्णय असाच झाला. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक प्रजासत्ताक आणि रुमानिया यांनी विरोधात मत दिलं, तरी वाटा त्यांच्याही नावावर पडला. निर्वासितांना घ्यायला हवं होतं की नको, हा प्रश्न वेगळा. इथे प्रश्न आहे, ते कुणी ठरवायचं.

आता नेहमीचं उत्तर: ‘महासंघाच्या करारात बाहेर पडायचं कलम 50 आहे ना, हवं तेव्हा बाहेर पडा, मग सार्वभौमत्व गेलं कुठे?’ हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. बाहेर पडायचा हक्क आणि आत राहून एखाद्या कायद्याला नाही म्हणायचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्रासबर्गच्या बाबतीत ब्रिटनने दुसरा हक्क प्रत्यक्षात बारा वर्षं वापरला आणि सदस्यत्वही टिकवलं. मासेमारीच्या कायद्यासाठी तसं करता आलं नसतं. त्या बोटी स्वतःच्या जोरावर रोखायच्या तर बाजारपेठेसकट अख्खा समुदायच सोडावा लागला असता.